आजाऱ्याच्या खोलीतली कचऱ्याची पिशवी

नमस्कार श्रोतेहो. साथीच्या दिवसांत घरात कोणी आजारी पडलं की औषधं, पथ्य, ताप, सगळ्याकडे आपलं लक्ष असतं. त्या खोलीतल्या कचऱ्याचं काय करायचं, हे मात्र पिशवी भरून वाहायला लागल्यावर सुचतं. आज त्या पिशवीबद्दलच बोलू या.

घरात कोणी आजारी नसेल तर ओला-सुका वेगळा करणं साथीतही थांबवायचं नाही. वापरलेला मास्क मात्र सुक्यात टाकू नका, कारण सुका कचरा पुढे माणसं हातानं निवडतात. मास्क कापडासारखा दिसला तरी सर्जिकल मास्क असतो पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच. त्यामुळे खतातही नको. कागदात गुंडाळून तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग निरुपयोगी कचऱ्यात टाका.

तीनच दिवस का? २०२० साली प्रयोगशाळेत असं दिसलं की कोरोनाचा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरतो, तेही सतत घटत्या प्रमाणात.

आजाऱ्याच्या खोलीत झाकणाचा वेगळा डबा ठेवा. टिश्यू, कापूस, हातमोजे, मास्क, सगळं त्यातच जाऊ द्या. त्यातून बाटल्या-पुठ्ठे निवडत बसू नका. पिशवी पाऊण भरली की बांधा. आणखी थोडं मावेल म्हणून दाबलीत तर आतली हवा तोंडावरच येते. बांधलेली पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि मुलं-कुत्री पोचणार नाहीत अशा जागी ७२ तास ठेवा. मग हात साबणानं निदान वीस सेकंद धुवा. स्थानिक यंत्रणा असा कचरा वेगळा नेत असेल, तर अर्थात तिचाच नियम पाळा.

उष्टं अन्न तीन दिवस ठेवता येत नाही, वास सुटतो, माश्या येतात. म्हणून ताटात थोडंच वाढा आणि उरलेलं दोन पिशव्यांत बांधून त्याच दिवशी द्या. इन्सुलिनची सुई पिशवीत कधीच नको. ती जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका.

पिशव्यांवर औषधं फवारण्याचा सोस मला कधीच पटला नाही. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झालंच. पण प्रत्येक साथ तशी नसते. उलट्या-जुलाबांच्या साथीत डायपर आणि पुसलेले कागदच जास्त धोक्याचे, आणि नोरोव्हायरससारख्या विषाणूपुढे अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. तिथे साबण-पाणीच हवं.

शेजाऱ्यांना कळेल या भीतीनं काही घरं ही पिशवी नेहमीच्या कचऱ्यात खाली दडपून देतात. नेणाऱ्याला मग ती हाती लागेपर्यंत पत्ताच नसतो. उष्ट्याची पिशवी तर तीन दिवस न थांबता जाते, म्हणून ती वरच ठेवा आणि कुठल्या खोलीतली आहे ते त्याला सांगूनच द्या.