पायरिन, प्लेग आणि कळलावी

मघाशी चिठ्ठी आली: सूज ही वाईटच का? पायात काटा मोडला की तिथे लाल होतं, ठणकतं, सुजतं. ती शरीराने केलेली नाकेबंदी. ही नाकेबंदी किती चटकन सुरू व्हावी, हे प्रत्येकात थोडं वेगळं असतं आणि त्यातलं बरंचसं आईबापांकडून येतं.

एकच उदाहरण घेतो. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू लोकांत एक आजार दिसतो, 'फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर'. एकाएकी ताप चढतो, पोट फळीसारखं ताठ होतं आणि एक ते तीन दिवसांत सगळं आपोआप निवळतं. या दुखण्यापायी कित्येकांचं धडधाकट अपेंडिक्स कापलं गेलंय! उपचार झाला नाही, तर पुढे मूत्रपिंडात अमायलॉइड, म्हणजे न विरघळणाऱ्या प्रथिनाचा गाळ, साचतं. ते खरं संकट.

१९९७ साली दोन गटांनी याचं जनुक १६व्या गुणसूत्रावर शोधलं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला एकांनी ग्रीक 'अग्नी'वरून पायरिन म्हटलं. फ्रेंचांनी भूमध्य समुद्राच्या रोमन नावावरून मारेनोस्ट्रिन ठेवलं. टिकलं पायरिन.

हा पायरिन म्हणजे पेशीतला झोपवून ठेवलेला पहारेकरी. आरएचओए नावाचं प्रथिन चालू असेपर्यंत तो झोपलेला असतो. जंतूंच्या विषाने ते बंद पाडलं, की हा उठतो आणि इंटरल्युकिन-१ हा सूज-ताप आणणारा निरोप्या सुटून ताप येतो. जनुकात बिघाड असेल तर त्याची झोप सावध होते. कोणी नसतानाही दचकून उठतो.

मग असं जनुक इतक्या लोकांत टिकलं कसं? आजार होतो तो सहसा दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तर. एक प्रत असणारे बहुतेक ठणठणीत. प्लेगचा जंतू मोठा लबाड: तो एक प्रथिन सोडून पायरिनला पुन्हा झोपवतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की बिघडलेल्या पायरिनवर ही मात्रा नीट चालत नाही. असे उंदीर प्लेगमधून जास्त संख्येने वाचले. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९६ची मुंबई आठवते, पण भूमध्य समुद्राकाठी प्लेगने असं जनुक असणाऱ्यांना मागे ठेवून केलेली ही निवड त्याच्या कितीतरी शतकं आधीची असावी.

उपाय मात्र आपल्या ओळखीचा. १९७२पासून या आजारावर कोल्चिसिन देतात. आरएचओएला चेतवून ते पहारेकऱ्याला झोपवतं. कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलते, ती. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. ग्रीक 'अग्नी'शी जुळलं, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो. कंद मात्र घरी उगाळायला जाऊ नका, त्याने माणसं दगावतात. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदात किती आहे, ते कंद सांगत नाही.