वोकिंग : परतीचं तिकीट नसलेली गाडी

सकाळचे साडेसात, इंग्लंडच्या सरे परगण्यातलं वोकिंग स्टेशन. हातात कॉफी, कानात इअरफोन, आणि दार नेमकं कुठे येणार हे रोजच्या माणसाला पाठ असल्यामुळे फलाटावर ठराविक ठिकाणीच घोळके. फास्ट गाडीने लंडनचं वॉटर्लू अर्ध्या तासाच्या आत.

21 मे 1838 ला हे स्टेशन सुरू झालं तेव्हा इथे गावच नव्हतं. गाव होतं तिकडे दोनेक किलोमीटरवर, वे नदीच्या काठाला, त्याला आता ओल्ड वोकिंग म्हणतात. रेल्वेवाल्यांनी सरळ माळावर फलाट टाकला आणि नाव दिलं वोकिंग कॉमन. कॉमन म्हणजे आपलं गायरान.

आता हे बघा, ब्रुकवुड, इथून पुढचं स्टेशन. झाडं, धुकं, आणि नजर जाईल तिथपर्यंत थडगी. लंडनमध्ये कॉलराच्या साथी, चर्चच्या आवारात पुरायला जागा उरलेली नाही, म्हणून 1852 मध्ये एक कंपनी निघाली, लंडन नेक्रोपोलिस नावाची, तिने इथली सुमारे 2000 एकर जमीन घेतली आणि नोव्हेंबर 1854 पासून वॉटर्लूहून चक्क मृतांची गाडी सुरू केली. त्यातही फर्स्ट, सेकंड, थर्ड क्लास, पंथाप्रमाणे डबे वेगळे, दफनभूमीत स्टेशनंही दोन! नातेवाइकांना रिटर्न तिकीट, शवपेटीला सिंगल. थर्ड क्लासची पेटी अडीच शिलिंग. (रेल्वेचा हिशेब चोख.) 1941 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनकडचं स्टेशन उडालं आणि गाडी कायमची थांबली.

पण खरी गंमत जमिनीची आहे. एवढी जागा पुरायला लागलीच नाही, मग कंपनीने वोकिंग स्टेशनभोवतीची जमीन विकायला काढली, घरं झाली, दुकानं झाली. तेच आजचं वोकिंग! स्टेशनवर उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

ब्रुकवुडमधली ही पारशी कबर जरा थांबून बघा. जमशेटजी टाटा. 1904 मध्ये जर्मनीत वारले, दफन झालं ते इथे. मुंबईत ताज बांधणारा माणूस सरेच्या पाइन वृक्षांखाली.

आणि वोकिंगमधला हा हिरवा घुमट, शाहजहान मशीद, 1889. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्रिन्सिपॉल राहिलेल्या लाइटनर साहेबांनी उभी केली, मोठी मदत भोपाळच्या शाहजहान बेगमांची. मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली ही पहिली वास्तू.

बाजारात मात्र हा सात मीटरचा तीन पायांच्या मंगळवासीचा पुतळा उभा आहे, लोक त्याच्या पायाशी सॅंडविच खातात. लेखक एच. जी. वेल्स 1895 मध्ये इथे भाड्याने राहायचे, सायकलवरून आसपास फिरायचे, आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीतलं मंगळवासीयांचं पहिलं यान त्यांनी उतरवलं ते इथल्याच हॉर्सेल कॉमनवर.

कालव्याकाठी लाइटबॉक्स, म्युझियम आणि गॅलरी एकत्र, 2007 चं. गावाबाहेर रेसिंग गाड्यांच्या मॅक्लारेन कंपनीचं अर्धगोल मुख्यालय, पुढ्यात तळं. आणि मध्यभागी व्हिक्टोरिया स्क्वेअरचे टॉवर, ज्यांच्यासह इतर गुंतवणुकींसाठी काढलेल्या कर्जापायी 2023 मध्ये कौन्सिलने दिवाळखोरीसारखी नोटीस काढली, खर्चाला कात्री लागली.

संध्याकाळ, हॉर्सेलचा वाळूचा खड्डा. एक कुत्रा पाण्यात शिरलाय, मालक हाका मारतोय, लांबून गाडीचा आवाज.