मूल हेरणे सोपे, सांभाळणे कठीण: कोल्हापूरच्या तालमींपासून पॅरिसपर्यंत

नमस्कार. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरातील अनेक आईवडील एकच प्रश्न घेऊन प्रशिक्षकांकडे जातात: मूल आठ वर्षांचे आहे, चपळ आहे, मग त्याला आताच एका खेळात घालून बाकीचे खेळ बंद करावेत का? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गुणी मूल लवकर हेरण्यासाठी आपण जेवढा जीव टाकतो, त्याच्या निम्मासुद्धा त्याला पुढची दहा-पंधरा वर्षे सांभाळण्यासाठी टाकत नाही, आणि आपली बरीच मुले याच मधल्या काळात गळतात.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या आनंदात त्याच्या वाटचालीतील एक तपशील मागे पडला. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, तेव्हा लगेच त्याच्या हाती रायफल आली नाही. सुमारे वर्षभर शारीरिक तयारी झाली आणि मग त्याने नेमबाजी निवडली. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी सुरुवात आणि त्यानंतर जवळपास दीड दशकाने पदक. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा असतो, आणि ५० मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे असते. उभे राहून नेम धरताना श्वासाने आणि नाडीच्या ठोक्यानेही नळी हलते. ती हालचाल ओळखून योग्य क्षणी चाप दाबण्याची स्थिरता आठव्या वर्षीच्या कोणत्याही निवड चाचणीत दिसणार नाही, कारण ती तोवर तयारच झालेली नसते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातूनच पुढे दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, हा हिशेब लोकांच्या तोंडी बसला. एरिक्सन यांचा खरा भर मात्र आपली नेमकी उणीव शोधून, जाणकाराच्या नजरेखाली, तिच्यावरच केलेल्या कष्टाच्या सरावावर होता. २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीतील फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकच अशा सरावाशी जोडता आला. पालकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा निष्कर्ष २०२१ मधला आहे. आर्ने ग्युलिश यांच्या गटाने सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती पडताळली. त्यात जागतिक दर्जाला पोहोचलेल्या खेळाडूंनी राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपेक्षा आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता, लहानपणी इतर खेळ अधिक खेळले होते आणि त्यांची सुरुवातीची प्रगतीही संथ होती. कुमार गटात चमकणाऱ्यांचे चित्र याच्या अगदी उलटे होते. बारा वर्षांखालील स्पर्धेतील ढाल पाहून आपण मुलाचे भविष्य ठरवतो, ते किती घाईचे आहे हे यावरून लक्षात यावे.

आता सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर पहाटे गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत जावे. तेल, ताक, लिंबू आणि हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौद्यात एखादा कसलेला पैलवान बारक्या पोराशी लढत असतो. त्याला पाडून मोठ्याला काही मिळवायचे नसते. तो एकेरी पटाला, म्हणजे एक पाय धरून पाडण्याच्या डावाला, मुद्दाम जागा देतो, पोराचे डोके चुकीच्या बाजूला गेले की मान दाबून त्याला तिथेच थांबवतो आणि पुन्हा तोच डाव करायला लावतो, काठावरून वस्ताद एवढेच म्हणतात, "पुन्हा धर." चूक कळणे आणि ती सुधारणे यांत इथे काही क्षणांचेच अंतर असते. शिवाय पोराला आपल्यापेक्षा दोन वर्षांनी, पाच वर्षांनी पुढे असलेली माणसे रोज दिसतात, त्यामुळे पुढची पायरी कशी असते हे कोणी सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, त्या काळापासून ही साखळी चालत आली आहे. तिची उणीवही मी स्पष्ट सांगतो: दुखापत झालेला किंवा खुराकाचा खर्च न पेलणारा मुलगा या साखळीतून सहज निसटतो.

खाशाबा जाधव निसटले नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी माणसे उभी राहिली. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला, मातीवर घडलेल्या या मल्लाला मॅटवर आणि गुणांच्या नियमांनी लढावे लागले, आणि ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. सहावा क्रमांक म्हणजे त्यांची मर्यादा, असे कोणी मानले असते तर ती चार वर्षे वाया गेली असती.

खेळाबाहेरही कोल्हापूरने हेच केले आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी पडेल ते काम करत चित्रपटाचा धंदा शिकून घेतला, आणि १९२९ मध्ये इथेच त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली.

तेव्हा पालकांनो, तेरा-चौदा वर्षांपर्यंत मुलाला पोहू द्या, फुटबॉल आणि कबड्डी खेळू द्या. जिम्नॅस्टिक्ससारखे, ऐन उमेद लवकर येणारे खेळ तेवढे याला अपवाद आहेत. अकादमी निवडताना भिंतीवरच्या ढाली मोजण्याआधी प्रशिक्षकांना विचारा की पाच वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी आज किती जण मैदानावर आहेत, मोठी मुले लहानांबरोबर सराव करतात का, आणि गुडघा दुखावलेल्या मुलाला परत येईपर्यंत फोन कोण करते.