सा, गंधार, कोमल धैवत आणि पुन्हा सा

मंडळी, विषय आहे बेस गिटारवरच्या ऑगमेंटेड आर्पेजिओचा, म्हणजे ऑगमेंटेड नावाच्या कॉर्डाचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे) सूर एकेक करून वाजवण्याचा. पण आधी भोंग्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरू लागल्या की वडशाहून नाटकं निघतात. एका गावी मी रात्रभर मन लावून वाजवलं. सकाळी टपरीवर एक आजोबा म्हणाले, "बाबू, तुह्या बाजाले आवाजच काहून नाही गा?"

हसा, हसा. पण आजोबांचं खरं होतं. खांबांवर पत्र्याचे भोंगे बांधलेले. भोंगा माणसाचं बोलणं लांबवर पोचवायला केलेला. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला जेमतेम 41 कंपनं, ती भोंग्यातून येतच नाहीत. त्यांना मोठ्या शंकूचा स्पीकर लागतो. नाटकाच्या मालकांकडे तसा स्पीकरचा एक डबा मागितला. उत्तर मिळालं, "बेसवाल्यानं नुसता सा धरायचा, त्याला डबा कशाला?" हे वाक्य मला अजून टोचतं. कारण पुढचे दोन हंगाम मी खरंच सा आणि पंचम एवढंच वाजवलं आणि बोटांना तेच वळण लागलं. मग एका रात्री, खुनाच्या प्रवेशात, कीबोर्डवाल्या भाऊनं एक कॉर्ड धरला. मी सवयीनं खाली पंचम दिला आणि दोन सूर असे घासले की विंगेतला प्रॉम्प्टर वळून बघायला लागला. त्या कॉर्डात पंचम नव्हताच. त्याच्या जागी कोमल धैवत होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भराभर सांगतो.

पेटीवर सा, शुद्ध गंधार, कोमल धैवत एकदम दाबा. हाच तो ऑगमेंटेड कॉर्ड. भैरव गाणाऱ्यांना हे तिन्ही सूर ओळखीचे, पण तिथे पंचमाचा आधार असतो. इथे तो नाही. सा ते गंधार चार अर्धस्वर, गंधार ते धैवत चार, धैवत ते वरचा सा चार. सप्तकाचे तीन सारखे वाटे! म्हणून तिघांतला घरमालक कोण, हे कानाला उमगत नाही. बारा स्वरांत असे वेगळे गट चारच निघतात.

बेसच्या तारा पाच-पाच अर्धस्वरांच्या अंतरानं लावलेल्या असतात. आपल्याला चार हवेत, म्हणून दर पुढच्या तारेवर एक फ्रेट (गिटारच्या मानेवरचं एका अर्धस्वराचं घर) मागे यायचं. जाड तारेवर 8वा फ्रेट, मग 7वा, 6वा, 5वा. करंगळी, अनामिका, मध्यमा, तर्जनी. सा सीवर धरला तर सी, ई, जी शार्प, सी. हीच तिरपी ओळ चार फ्रेट वर सरकवा, सूर तेच, फक्त सुरुवात गंधारापासून.

आणि इथेच आपले पोट्टे फसतात. आकार पाच मिनिटांत पाठ होतो, कान कोराच राहतो. म्हणून माझा आग्रह आहे: तंबोऱ्याचा सा लावून ठेवा, प्रत्येक सूर आधी गळ्यातून काढा, मगच तार छेडा. कोमल धैवतावर थांबून सा गाऊन बघा, पहिले काही दिवस गळा भरकटेल. मग सुटका शिका: सा जागेवर, गंधार एक फ्रेट वर मध्यमावर, कोमल धैवत एक फ्रेट वर शुद्ध धैवतावर. झाला मध्यमाचा मेजर कॉर्ड, सीवरून एफ. हे बाराही पट्ट्यांत, सावकाश, महिनाभर तरी करा.

पेटीवाले भाऊ, सा, ग आणि कोमल ध दाबून ठेवा जरा. मी केबल लावतो.