व्हिडिओवरची फिजिओथेरपी आणि खुर्चीशेजारचा माणूस

नमस्कार. इथे बरेचजण वृद्धाश्रमात, केअर सेंटरमध्ये काम करणारे आहात, काहीजणांचे आईवडील तिथे राहतात, म्हणून थेट मुद्द्यावरच येते. व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपी करून खरंच काही होतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. होतं, नक्की होतं. पण स्क्रीनवर फिजिओ कोण आहे याइतकंच, माझ्या मते त्याहून थोडं जास्तच, महत्त्वाचं असतं ते खोलीत आजींच्या शेजारी कोण उभं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकूया. वय झालं, आता कसली ताकद वाढणार, असं आपण अगदी सहज बोलून जातो. १९९० साली अमेरिकेत मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं, म्हणजे त्यांच्या मानाने खरोखरच जड, आणि ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग १९९४ मध्ये १०० जणांवर मोठा अभ्यास झाला, त्यातही व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली, आणि ज्यांना व्यायाम न देता नुसतं पोषक पेय दिलं त्यांना हा फायदा झाला नाही. आता उलटी बाजू बघा. २००७ मधल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर मंडळींना फक्त १० दिवस बेडवर ठेवलं तर पायांतला जवळजवळ १ किलो भाग घटला, चरबी सोडून बरं का. म्हणून "पडतील, नको उठवायला" म्हणून जी माया आपण करतो ना, तीच पुढे त्यांना पाडते.

आता बऱ्याच ठिकाणी व्यायाम म्हणजे काय चालतं, सगळ्यांना गोल बसवायचं, हात वर, हात खाली, मान इकडे तिकडे. मन रमतं, चांगलंच आहे, पण खुर्चीतून उठायला लागते ती मांडीतली ताकद त्याने येत नाही आणि तोल तर अजिबातच सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करा असं स्पष्ट म्हटलंय. ऑस्ट्रेलियात सनबीम नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, १६ केअर होम, २२१ रहिवासी. २५ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर ताकद आणि तोलाचा व्यायाम, हळूहळू वाढवत नेलेला, आणि नंतर तो टिकवून ठेवणारा सराव. पडण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी झालं. हे सगळं समोरासमोर झालं होतं हे मी मुद्दाम सांगते, कारण व्हिडिओवरून हाच परिणाम हवा असेल तर तेवढाच जोर लावून घ्यावा लागेल, स्क्रीन आहे म्हणून व्यायाम पातळ करून चालणार नाही. पण फिजिओ लांबून जोर वाढवणार कधी, तर आजींना सावरायला कोणीतरी जवळ आहे याची खात्री असेल तेव्हाच. स्क्रीनला हात नसतात.

खुर्चीतून उठण्याचा साधा व्यायाम घ्या. टॅब कोणी हातात धरून उभं राहायचं नाही, तो बाजूच्या स्टुलावर, साधारण आजींच्या गुडघ्याच्या उंचीवर आणि जरा लांब ठेवा, म्हणजे पावलांपासून डोक्यापर्यंत सगळं एका बाजूने दिसतं. समोरून नुसता चेहरा दिसतो, त्याचा आम्हाला काही उपयोग नाही. मागे खिडकी नको, सगळी काळी सावली दिसते. खुर्ची भिंतीला टेकलेली, पायात टाचेला घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट, चष्मा डोळ्यावर, कानाचं मशीन चालू. आजी पुढे सरकून बसतात, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि उठायचं. बसताना धपकन नाही, चार आकडे मोजत, कारण खाली येतानाच मांडीला खरं काम पडतं. केअरटेकर कमजोर बाजूला, किंचित मागे, एक हात कमरेजवळ तयार. काखेत हात घालून ओढायचं नाही, त्याने खांदा दुखावतो आणि आजी स्वतःहून उठायचंच सोडतात.

आणि स्क्रीनवर न दिसणारं तुम्हीच सांगायचं असतं. शेवटच्या दोन वेळा गुडघा थरथरला, हात नकळत दांड्यावर गेला, उभं राहिल्यावर चक्कर आली का. छातीत दुखलं, श्वास लागला, चक्कर आली तर लगेच थांबायचं, कॉल चालू आहे म्हणून ओढत न्यायचं नाही. दहा वेळा उठून आजी आरामात गप्पा मारत असतील तर मात्र व्यायाम हलका पडतोय, मग खुर्चीवरची उशी काढा, बसायची जागा तेवढी खाली जाते.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजोबांना स्क्रीनमधून कोण बोलतंय तेच बऱ्याचदा कळत नाही, ते गोंधळतात, चिडतातही. तिथे फिजिओने गप्प राहायचं, केअरटेकरने समोर बसून स्वतः उठायचं, आजोबा बघून उठतात. दर वेळी तोच ओळखीचा चेहरा असेल तर फार फरक पडतो.

पहिली तपासणी शक्यतो प्रत्यक्षच व्हावी असं माझं ठाम मत आहे. सांधा किती आखडलाय, पावलांना स्पर्श कळतो का, हे हात लावूनच समजतं. नंतरचं आठवड्याचं काम व्हिडिओवर छान चालतं, विशेषतः जिथे फिजिओ रोज पोचूच शकत नाही तिथे.

सेंटर चालवणाऱ्यांना एकच विनंती. हे काम केअरटेकरच्या अंगावर "जमलं तर बघ" म्हणून टाकू नका. तिच्या एका बाजूला जेवणाची ताटं, दुसऱ्या बाजूला बेल वाजतेय आणि मध्ये टॅब, अशाने आजी खुर्चीत बसून राहतात आणि फिजिओ रिकाम्या भिंतीशी बोलत राहतो. ड्युटीच्या तक्त्यात तो अर्धा तास तिच्या नावाने लिहा, त्या वेळात तिला दुसरीकडे बोलावू नका, आणि पहिले काही कॉल फिजिओने आजींआधी तिलाच शिकवण्यात घालवले तर घालवू द्या.