फणस बाधला नव्हता

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाळकरी मुलं आणि कोरोना’. तिकडे येतोच. पण आधी एका मुलाबद्दल सांगू द्या, त्याशिवाय मला आकड्यांवर बोलवत नाही.

जून २०२१. तौक्ते वादळाला महिना होत होता. मुंबईतली लाट ओसरत होती आणि आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग मात्र निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकले होते. चौथीतल्या एका मुलाला आजी घेऊन आली. चार दिवस ताप, पोटात कळा, उलट्या. ‘डॉक्टरांनू, ह्येका फणस बाधलो,’ असं निदान तिनेच करून टाकलं. तिला नावं ठेवू नका. जूनमध्ये आपल्याकडे कितीतरी पोरांना गरे खरंच बाधतात. आधीच्या दवाखान्यात टायफॉइडचं औषध सुरू झालं होतं. कोरोनाची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह.

पण डोळे लालभडक, आणि चिपडं अजिबात नाहीत. ओठ फुटलेले. बोटाचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. त्याचं चार मोजले तरी पांढरंच. म्हणजे हातापायांपर्यंत रक्त नीट पोचत नव्हतं. आजीला विचारलं, महिनाभरात घरात कुणाला ताप आला होता का? ‘ह्येच्या बापाशीक इल्लो, मुंबैसून इलो तेवा.’ आणि ह्याला? एक दिवस अंग कोमट लागलं, दुसऱ्या दिवशी पोरगा खळ्यात खेळत होता.

त्या एका दिवसाची कुठेच नोंद नव्हती. या आजाराला एमआयएस-सी म्हणतात. संसर्ग होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या सगळीकडे दाह होतो. तोवर विषाणू बहुधा निघून गेलेला असतो, म्हणून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, मात्र सापडतात. भर पावसात त्याला फोंडा घाटातून कोल्हापूरला पाठवला. इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइड दिल्यावर ताप उतरला, पुढे हृदयही सावरलं. बसलेल्या शिक्षकांना हे मुद्दाम सांगतोय, कारण गैरहजर मुलगा पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येतो. आणि हो, हृदयाची सोनोग्राफी करायला आपल्या लेकराला घाट चढावा लागतो, हे मी मिळेल त्या व्यासपीठावरून बोलत राहणार.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ मुद्दा.

संसर्ग किती मुलांना झाला आणि त्यातली किती गंभीर झाली, हे दोन वेगळे प्रश्न. आपण ते एकच धरले. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिचं चौथं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची पाहणी, जून-जुलै २०२१ चं. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांत अँटिबॉडी सापडल्या. सगळ्या वयांचा मिळून आकडा होता ६७.६. त्या सत्तर जिल्ह्यांत कोकणातला एकही नव्हता, हे लक्षात असू द्या. तरी अर्थ उघड आहे: शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांना विषाणू भेटून गेला होता, तोही लस नसताना. पंधरा ते अठरा वयोगटाची लस सुरू झाली ३ जानेवारी २०२२ ला.

आणि तरीही मुलांचे वॉर्ड भरून वाहिले नाहीत. मुलांच्या नाकातली पहिली संरक्षक फळी मोठ्यांपेक्षा लवकर जागी होते, हे त्याचं एक कारण. ओमायक्रॉनमध्ये लहानग्यांना घोगरा खोकला झाला, बहुतेक घरीच बरे झाले. गंभीर झाली ती मुख्यतः तान्ही बाळं आणि आधीपासून हृदयविकार, मधुमेह, सिकलसेल किंवा अति लठ्ठपणा असलेली मुलं. त्यांची वाडीवार यादी आशाताईंकडून करून घेता आली असती. त्याऐवजी सरसकट सगळी पोरं घरी बसवली आणि ऑनलाइन अभ्यासासाठी मोबाइलची रेंज शोधत सड्यावर, उघड्या माळावर धाडली.

पुन्हा अशी साथ आली तर पंचायतीच्या बैठकीत पहिल्यांदा ही यादी मागा. आणि घरात कोरोना होऊन गेल्यावर सहा आठवड्यांच्या आत मुलाला तीन दिवस ताप, लाल डोळे, पोटदुखी असं काही दिसलं, तर चाचणी निगेटिव्ह असली तरी थांबू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा आणि तो मागचा किरकोळ ताप त्यांना आठवणीने सांगा.