एका वेळी एक चित्र

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे पडद्यावरच्या सादरीकरणाबद्दल, म्हणजे आपण सगळे ज्याला पीपीटी म्हणतो तिच्याबद्दल. शाळेतला प्रकल्प असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, पीपीटी हवीच. पॉवरपॉइंट बाजारात आलं १९८७ साली. फोरथॉट नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने ते काढलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पण चित्रं दाखवत गोष्ट सांगायची हौस आपल्याकडे फार जुनी. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर चित्रं रंगवली, दिव्याच्या उजेडाने ती पडद्यावर मोठी केली आणि संवाद-संगीतासह त्यांचे खेळ केले. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचं नाव. आणि त्याहून जुने आहेत कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी. त्यांचा विषय निघणारच आहे, कारण पीपीटी कशी करावी हे मला कळलं ते त्यांच्यामुळे, तेही माझ्या मामीकडून.

मामी कुडाळ तालुक्यातली. तिच्या बचत गटात दहा बायका. मे महिन्यात त्या आंब्याची साठं घालतात. तूप लावलेल्या ताटात रस पसरायचा, उन्हात ठेवायचा, सुकला की वर दुसरा थर, मग तिसरा. (हल्ली बाजारात मिळणाऱ्या साठात साखरच जास्त असते. रायवळ आंब्याच्या साठाला जी आंबटगोड चव असते ती साखरेने मारून टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.) तर, या बायकांना सौर ड्रायर घ्यायचा होता. त्यासाठी एका योजनेच्या निवड समितीपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं, आणि सोबत पीपीटी आणा असा निरोप होता.

मी तंत्रनिकेतनात शिकवते, म्हणून मामीने मला बोलावलं. पुतण्याने पीपीटी आधीच केली होती. तेवीस स्लाइड. फिकट हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं, आणि प्रत्येक ओळ गिरक्या घेत येणारी. पहिल्या स्लाइडवर गटाचा नोंदणी क्रमांक, दुसरीवर उद्दिष्टं, तिसरीवर पुन्हा उद्दिष्टं. स्वयंपाकघरात ओट्याजवळ लॅपटॉप ठेवला आणि मामी वाचायला लागली. पाचव्या स्लाइडला थांबली. म्हणाली, “सगळा हयच लिवलेला आसा, मगे मी कित्याक उभी ऱ्हव?”

श्रोतेहो, वर्गात मी जे वर्षानुवर्षं समजावत होते ते तिने एका वाक्यात विचारलं. सगळं पडद्यावरच लिहिलेलं असेल तर माणूस उभा कशाला?

मग ती चित्रकथींबद्दल बोलायला लागली. लहानपणी देवळात तिने त्यांना पाहिलं होतं. कथा सांगणारा पोथीतलं एक चित्र समोर धरायचा, वाद्यांच्या साथीवर त्याची कथा सांगायचा, गायचा, आणि ती संपली की मगच पुढचं चित्र. सगळी पोथी एकदम उघडून दाखवली, असं कधी झालं नाही. मामी मला म्हणाली, “गो, चित्रकथी कधी चित्रार लिवता काय?”

तिथेच आम्ही पुतण्याची पीपीटी बाजूला ठेवली आणि रात्री जेवणं झाल्यावर नव्याने बसलो. चार स्लाइड ठरल्या. पहिली, अंगणात उन्हात मांडलेली ताटं. दुसरी, तेच अंगण, वळीव कोसळतोय आणि बायका पदर खोचून ताटांवर प्लास्टिक धरतायत. हा फोटो सुनेने सहज काढला होता, मोबाइलमध्ये तसाच पडून होता. तिसऱ्या स्लाइडवर फक्त एक ओळ: ‘४० ताटांपैकी १३ वाया’. चौथीवर ड्रायरची किंमत आणि गट स्वतः किती घालणार तो आकडा. पाचवी होती, पण ती दाखवायची नव्हती. कुणी विचारलंच तर, म्हणून ड्रायरच्या आतल्या भागाचं चित्र.

दोन गोष्टी मी तिला शिकवल्या. स्लाइड चालू असताना ‘बी’ हे अक्षर दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत. आणि आकडा टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. मामीने कागदाच्या दोन चिठ्ठ्या लिहून लॅपटॉपला चिकटवल्या.

समितीपुढे तिची पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. सकाळपासून आठ-दहा गट बोलून गेले होते. मामीने पहिला फोटो लावला, दोन वाक्यं बोलली. दुसरा लावला, पावसाचा. काहीच बोलली नाही. मग ‘बी’ दाबलं. पडदा काळा झाला आणि टेबलामागची सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. तिने पिशवीतून डबा काढला. डब्यात बुरशी धरलेलं साठ. ते टेबलावर ठेवून ती मालवणीतच म्हणाली, हे गेल्या वर्षीचं, चार दिवसांची मेहनत.

एका अधिकाऱ्यांनी विचारलं, सौर ड्रायर पावसात चालणार कसा? मामीने पाच दाबला, एंटर दाबलं. पाचवी स्लाइड आली. “पाऊस इलो तरी आतला भिजाचा नाय. उन नसला तर सुकाक येळ लागतलो, ता खरा.” शेवटचे दोन शब्द ऐकून ते साहेब मान हलवत काहीतरी लिहायला लागले.

हे सांगता सांगता माझा बराचसा वेळ गेला, पण मला तो द्यायचाच होता. आता थोडक्यात कारण सांगते. पडद्यावरचा मजकूर माणूस मनातल्या मनात वाचतो, आणि तुमच्या बोलण्यापेक्षा भरभर वाचतो. म्हणजे तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा तो शेवटाला पोचलेला असतो, आणि वाचताना त्याला तुमचं ऐकू येत नाही. चित्राचं तसं नाही. चित्र डोळ्यांनी बघता येतं आणि कान मोकळे राहतात. म्हणून पुन्हा सांगते, एका वेळी एक चित्र, आणि शब्द तुमच्या तोंडात.

अक्षरं मोठी ठेवा, गडद ठेवा. आदल्या दिवशी सभागृहात जाऊन सगळ्यात मागच्या खुर्चीत बसून बघा, दुपारी पडदे ओढूनही उजेड येतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं मराठी ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे नुसती चिन्हं होऊन उमटतं. सोबत पीडीएफ प्रतही ठेवा. आणि आयोजकांनाही एक विनंती. दीपप्रज्वलन, सत्कार, नारळ आणि शाल यांत पाऊण तास घालवून वक्त्याला ‘थोडक्यात आटपा’ म्हणू नका. ज्याने रात्री जागून तयारी केली आहे त्याच्या मिनिटांना मान द्या.

आणि पडद्याकडे तोंड करून वाचू नका. चित्रकथी चित्राकडे बोट दाखवतो, पण बोलतो समोर बसलेल्यांशी.

पुढच्या मे महिन्यात मामीच्या अंगणात ड्रायर उभा राहिला. मी गेले होते. रसाचं पहिलं ताट आत सरकवताना तिने सुनेला हाक मारली आणि फोटो काढून घेतला. मला म्हणाली, “ही सहावी.”